स्की रिसॉर्टच्या कॅफेटेरियात जेवायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कीइंगला निघायच्या महिनाभर आधीपासून लोक कपडे, बूट, विमा, शिकवणी यांची चौकशी करतात. जेवणाचं कोणी विचारत नाही. मग पहिल्याच दिवशी दुपारी साडेबाराला हातात ट्रे, काखेत हेल्मेट, पायात दगडासारखे बूट आणि पुढे पन्नास माणसांची रांग अशा अवस्थेत सगळे प्रश्न एकदम सुचतात. मला आजवर जे जे विचारलं गेलं ते इथे मांडलंय. काही उत्तरं सरळ माहितीची आहेत, काहींत माझा हट्ट आहे. तो ओळखू येईलच.

कॅफेटेरिया म्हणजे नेमकं काय? वेटर येतो का?

नाही येत. ट्रे उचलायचा, काउंटरच्या कडेने सरकत जायचं, गरम पदार्थ वाढून घ्यायचा, बाटली किंवा पेला उचलायचा, शेवटी गल्ल्यावर पैसे द्यायचे आणि भरलेला ट्रे घेऊन जागा शोधत हिंडायचं. अशी ठिकाणं साधारण तीन जागी असतात: पायथ्याशी, रोपवेच्या मधल्या स्टेशनला आणि वर माथ्याजवळ. पायथ्याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात गजबजलेलं. माथ्यावरचं लहान, पदार्थ मोजके, पण खिडकीतून जे दिसतं त्यासाठी एकदा तरी जावं.

देशागणिक तऱ्हा बदलते. अमेरिकेत बर्गर, फ्राइज आणि वाडगाभर चिली, म्हणजे खिमा-बीन्सचा घट्ट तिखट रस्सा. कॅनडात फ्राइजवर चीजचे तुकडे आणि गरम ग्रेव्ही ओतलेलं पुटीन. ऑस्ट्रियात डोंगरावरच्या लाकडी घरांतल्या खानावळींमध्ये कायझरश्मार्न मिळतं, म्हणजे जाड गोड पॅनकेक तव्यातच फाडून वर पिठीसाखर आणि सोबत शिजवलेले प्लम. आल्प्समध्ये पुष्कळदा एकाच इमारतीत एका बाजूला वेटरवाली खोली आणि दुसऱ्या बाजूला आपलं आपण घ्यायचं दालन असतं. चुकीच्या टेबलावर बसलात तर अर्धा तास कोणी विचारणार नाही, तेव्हा आधी इकडेतिकडे पाहा: लोकांसमोर ट्रे आहेत की मेन्यूकार्ड? जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी दाराशीच यंत्र असतं. पैसे टाकायचे, हव्या त्या पदार्थाचं बटण दाबायचं, निघालेली चिठ्ठी काउंटरवर द्यायची. करी-भात किंवा रामेन दोन-चार मिनिटांत समोर.

जेवायला किती वाजता जावं?

या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: सव्वाअकरा, नाहीतर पावणेदोन.

बारा ते दीड या वेळात सगळा डोंगर एकाच दारातून आत येतो. सकाळच्या शिकवण्या बाराच्या सुमारास सुटतात, म्हणजे दहा-दहा मुलांच्या टोळ्या शिक्षकासकट एकदम काउंटरवर. तुम्ही रांगेत वीस मिनिटं, जागेसाठी दहा मिनिटं, आणि कोणाच्या तरी ओल्या जॅकेटशेजारी कोपर अंगाशी चिकटवून जेवण. हेच सव्वाअकराला गेलात तर सूप नुकतंच बाहेर आलेलं असतं, फ्राइज कुरकुरीत असतात, खिडकीजवळची जागाही मिळते. शिवाय दुसरा फायदा, जो पहिल्यापेक्षा मोठा आहे: सगळे जेवायला बसतात तेव्हा उतार रिकामे होतात. उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या ज्या रांगेत सकाळी दहाला उभं राहून पाय गारठले, तिथे साडेबाराला सरळ चालत जाऊन बसता येतं. दिवसभराच्या तिकिटाचे पैसे त्या एका तासात वसूल होतात.

उशिरा जेवणाऱ्यांनी साडेदहाला काहीतरी तोंडात टाकावं. रिकाम्या पोटी दीडपर्यंत ताणलं की मांड्या आधी थरथरतात आणि डोकं नंतर कळवतं.

हवा बिघडली की मात्र हा हिशेब कोलमडतो. वारा सुटून वरच्या लिफ्ट बंद झाल्या की सगळी मंडळी आत येतात आणि उठतच नाहीत. अशा दिवशी गर्दीची वेळ सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत.

आत गेल्यावर बूट काढावेत का?

पुरते काढू नका. वरची दोन बकलं आणि नडगीजवळचा पट्टा सैल करा. पायाला रक्त मिळतं, बोटं पुन्हा आपली वाटायला लागतात. पूर्ण काढलेत तर पाऊल थोडं सुजतं आणि तेच पाऊल परत आत घालताना जी कसरत होते ती बाकीच्यांसाठी करमणूक असते. काढायचेच असतील तर आत, उबेत ठेवा. स्की बुटाचं प्लास्टिक थंडीत कडक होतं. दाराबाहेर ठेवलेला बूट परत चढवणं म्हणजे बादलीत पाय कोंबणं.

आणि निघताना बकलं पुन्हा आवळायची आठवण ठेवा. हे सगळे विसरतात. पहिल्या वळणावर पाय डावीकडे आणि स्की सरळ गेली की आठवतं.

त्या बुटांत ट्रे घेऊन चालायचं कसं?

टाच आधी टेकवा, मग पाऊल पुढे लोटा. छोटी पावलं. दाराजवळची फरशी वितळलेल्या बर्फाने नेहमी ओली असते, तिथे अधिक जपून. पण खरा शत्रू पायऱ्या.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी टोमॅटो सूपचा मोठा वाडगा घेऊन तीन पायऱ्या उतरत होतो. तीनच. घोट्यात बूट वाकत नाही हे सकाळभर जाणवलं होतं, पण भुकेपुढे विसरलो. दुसऱ्या पायरीवर टाच सटकली. वाडगा ट्रेवर राहिला, सूप राहिलं नाही. समोर बसलेल्या एका आजींनी न बोलता स्वतःचे टिश्यू माझ्याकडे सरकवले आणि मग हाताने उलटं उतरायची खूण केली. तेव्हापासून मी पायऱ्या उलट्या तोंडाने, कठडा धरून उतरतो. ट्रे हातात असेल तर कठडा धरता येत नाही, म्हणून ट्रे असताना पायऱ्याच उतरत नाही. काउंटर ज्या मजल्यावर, त्याच मजल्यावर जागा शोधायची. नसेल तर उभ्याने सूप पितो.

प्रसाधनगृहं बऱ्याच ठिकाणी तळघरात असतात. का, ते बांधणाऱ्यालाच माहीत. जेवायच्या आधी, ट्रे घेण्यापूर्वीच जाऊन या.

स्की बाहेर ठेवल्या तर चोरीला जात नाहीत का?

क्वचित जातात. अदलाबदल मात्र सर्रास होते, कारण भाड्याच्या स्की सगळ्या एकसारख्या दिसतात. बाहेर येऊन पाहावं तर आपल्या जागी दुसरीच जोडी, आणि बुटाच्या मापात बसत नाही. म्हणून स्कीवरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा आणि टोकाला रंगीत चिकटपट्टी लावा. महागड्या स्की असतील तर जोडी फोडून एक या रॅकला, दुसरी पलीकडच्या रॅकला. एका पायाची स्की कोणी नेत नाही. आपण कुठे ठेवली ते आपल्याच लक्षात राहायला हवं, एवढी एकच अट.

बर्फात उभ्या रोवा किंवा रॅकला लावा, वाटेत आडव्या टाकू नका. स्नोबोर्ड असेल तर बाइंडिंग (बूट अडकवायची पकड) खाली, सपाट बाजू वर करून ठेवा, नाहीतर तो तुमच्याशिवायच उतारावर निघतो. स्की किंवा बोर्ड आत कोणीही न्यायचे नाहीत.

ओले हातमोजे आणि गॉगल कुठे वाळवायचे?

हीटरवर नको. हातमोज्यांचं कातडं कडक होऊन तडकतं. हेल्मेट टेबलाखाली उलटं ठेवा, हातमोजे त्यात उभे, बोटं वर. अर्ध्या तासात वाळणार नाहीत, पण कोमट होतील.

गॉगल कपाळावर सरकवून बसू नका. डोक्याची वाफ सरळ काचेत शिरते आणि बाहेर पडल्यावर धुक्यातून स्की करावं लागतं. काढून कोरड्या खिशात किंवा त्याच्या मऊ पिशवीत ठेवा. आतली काच ओली झाली तर पुसू नका, अलगद टिपून घ्या. आतून धुकं न धरण्याचा जो लेप असतो तो घासल्याने जातो. आणि आत शिरल्याबरोबर जॅकेट उतरवा. जॅकेट घालून गरम खोलीत जेवलं की घाम येतो, आणि तो घाम नंतर लिफ्टच्या खुर्चीवर बसल्यावर त्रास देतो.

इतकं महाग का असतं?

कारण प्रत्येक बटाटा वर चढवावा लागतो. मधल्या स्टेशनला सहसा रस्ता पोचत नाही. माल रोपवेच्या डब्यातून किंवा रात्री उतार बंद झाल्यावर पट्ट्यांवर चालणाऱ्या बर्फाच्या गाड्यांतून वर जातो. काही एकट्या ठिकाणांना हेलिकॉप्टरही लागतं. पाणी वर खेचायचं, सांडपाणी आणि कचरा खाली न्यायचा. हंगाम चार-पाच महिन्यांचा, आणि कामगारांच्या राहण्याची सोयही पुष्कळदा मालकालाच करावी लागते.

हे सगळं खरं आहे. तरीही पाण्याच्या साध्या बाटलीला जो भाव लावतात त्याचं समर्थन मला जमत नाही. जवळपास दुसरं दुकान नाही, हेही कारण आहेच.

मग घरून डबा नेला तर चालतो का?

ठिकाणावर अवलंबून. अमेरिकेत पायथ्याच्या इमारतींमध्ये बरेचदा चालतो. काही ठिकाणी डबेवाल्यांसाठी वेगळा कोपराच असतो. फ्रान्समध्ये अनेक स्की गावांत याच कामासाठी सार्वजनिक खोली असते, तिला साल ऑर-साक म्हणतात: बाकं, टेबलं, छप्पर, आणि कोणी हटकत नाही. आल्प्समधल्या खासगी हॉटेलांत आणि डोंगरावरच्या खानावळींत मात्र स्वतःचं खाणं काढलंत तर हटकतील, आणि त्यांचं बरोबरच आहे.

डबा नेणाऱ्यांना एकच सूचना: थंडीत गोठेल असं काही नेऊ नका. चॉकलेटचा बार पाठीवरच्या पिशवीत ठेवला की दुपारी दात पाडेल असा होतो. जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला की बरोबर मऊ राहतो. सँडविचही तिथेच. चपटं होतं, पण खाता येतं.

काय खाल्लं तर दुपारी पाय चालतात?

सूप आणि पाव. मी याच्यापुढे फारसा गेलेलो नाही. सूपमध्ये पाणी, मीठ आणि ऊब तिन्ही एकदम मिळतात, आणि थंडीत शरीराला तेच हवं असतं. भूक जास्त असेल तर पास्ता किंवा भाताचा पदार्थ. खूप चीज, खूप तळलेलं आणि वर गोड असं एकदम घेतलं की पोट जड होतं, डोळे मिटायला लागतात, आणि अशा वेळी जो उतार सकाळी सोपा होता तो अवघड वाटतो.

अर्ध्या ताटाची युक्ती करून बघा: दुपारी निम्मं खा, आणि तीनच्या सुमाराला पुन्हा पाच मिनिटं थांबून काहीतरी गोड. एका बैठकीत दोन्ही उरकण्यापेक्षा हे पायांना मानवतं. फ्राइज मात्र एकट्याने मोठी प्लेट घेऊ नका. थंड झालेल्या फ्राइज कोणालाच संपवत नाहीत आणि डोंगरावर त्या फार लवकर थंड होतात.

वर चहा मिळमिळीत का लागतो?

पाणी उकळत असतं, पण पुरेसं गरम नसतं. उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. दर ३०० मीटरला साधारण एक अंश सेल्सियस. ३००० मीटरवर उकळतं पाणी सुमारे ९० अंशांचं असतं. स्वित्झर्लंडमध्ये झरमॅटच्या वर ३८८३ मीटरवर रेस्टॉरंट आहे; तिथे हा आकडा ८७ च्या आसपास येतो. त्यात चहाची पुडी नेहमीइतकाच वेळ बुडवली तर रंग येतो, चव येत नाही. जास्त वेळ ठेवा. याच कारणाने वर पास्ता, बटाटे, कडधान्यं शिजायला वेळ लागतो. पास्ता कच्चट लागला तर आचाऱ्याला शिव्या घालण्याआधी उंचीचा फलक बघा.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहावं लागेल का?

नाही, पण विचारावं लागेल. फसवणाऱ्या जागा ठरावीक आहेत. भाज्यांचं सूप दिसतं, पण खाली मांसाचं पाणी असू शकतं. जपानमध्ये रस्सा माशाचा असण्याची शक्यता धरूनच चाला. चिलीत बीन्स दिसतात, खिमाही असतो. शाकाहारी चिली वेगळी असते आणि तसं लिहिलेलं असतं. स्विस रोश्टीत बटाट्यांबरोबर बेकनचे तुकडे येऊ शकतात. फ्राइज आणि चिकन एकाच तेलात तळलेले असू शकतात. काउंटरवर विचारलं की सांगतात. हॉट चॉकलेटवरच्या मार्शमेलोत बहुधा जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. अंडं चालत असेल तर ऑस्ट्रियाचं केझश्पेट्झले मागा: छोट्या शेवयांसारखा पास्ता, भरपूर चीज, वर तळलेला कांदा. चीजमध्ये रेनेट (दूध साकळवायला वापरतात ते वासराच्या जठरातलं द्रव्य) चालत नसेल तर मात्र तेही नको.

तहान लागत नाही, तरी पाणी प्यावं का?

हो. थंडीत तहान दबते, पण पाणी जातच असतं. डोंगरावरची हवा कोरडी, प्रत्येक श्वासाबरोबर वाफ बाहेर. तोंडासमोर दिसणारा धूर म्हणजे तेच. वर गारठ्याने लघवीही जास्त होते. २५०० मीटरच्या वर काहींना डोकेदुखी, मळमळ सुरू होते. त्यात उंचीचा वाटा किती आणि कमी पाण्याचा किती हे तिथे बसून ठरवता येत नाही, म्हणून आधी पाणी प्या. डोकेदुखी वाढत गेली, चालताना तोल जायला लागला, तर जेवण सोडा आणि खाली उतरा.

ऑस्ट्रियात स्कीवासर नावाचं पेय मिळतं: रास्पबेरीचं सरबत, लिंबू, पाणी. मुलांसाठी म्हणून घ्या आणि स्वतः प्या.

बिअर?

दिवस संपल्यावर, पायथ्याशी. इटलीत १ जानेवारी २०२२ पासून दारूच्या अमलाखाली स्की करायला कायद्याने मनाई आहे. बाकीकडे कायदा असो वा नसो, उतारावर तुमच्या खाली दुसऱ्याची मुलं असतात.

लहान मुलं बरोबर असतील तर?

मोठ्यांपैकी एकाने आधी आत जाऊन टेबल गाठायचं, दुसऱ्याने मुलांना बाहेरच बूट झटकायला लावून आत आणायचं. ट्रे मुलांच्या हातात देऊ नका. बसल्याबरोबर आधी बकलं, मग हातमोजे, मग नाक. जेवण शेवटी. मुलांचं ताट छोटं मागवा. भूक मोठी असते, पण बाहेरचा बर्फ दिसत असतो.

हातमोजे टाकून जागा धरली तर चालतं का?

सगळे धरतात आणि सगळे एकमेकांना नावं ठेवतात. ट्रे घेऊन माणूस रांगेत असेल तर ठीक. पण आठ खुर्च्यांवर आठ हेल्मेटं आणि माणसं अजून उतारावर, हा प्रकार मी सहन करत नाही. एकदा असं धरलेलं टेबल चाळीस मिनिटं रिकामं बघितलं. आमच्या शेजारी एक आई मांडीवर मूल आणि भिंतीवर ट्रे ठेवून जेवत होती. लांब टेबलावर एक खुर्ची मोकळी दिसली तर विचारून बसा. कोणी नाही म्हणत नाही.

बाहेर उन्हात बसून जेवावं का?

हवा चांगली असेल तर त्यासारखं सुख नाही. पण सनस्क्रीन पुन्हा लावा. दर १००० मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो; हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आत जळलेली माणसं मी पाहिली आहेत.

ताटाकडेही लक्ष ठेवा. आल्प्समध्ये पिवळ्या चोचीचे काळे चफ पक्षी कठड्यावर ओळीने बसलेले असतात, तुम्ही मीठ आणायला उठायची वाट पाहत. न्यूझीलंडच्या स्की मैदानांवर किया नावाचे पोपट आहेत. त्यांना अन्न तर आवडतंच, गाड्यांचं रबरही आवडतं. दोघांनाही काही घालू नका.

स्की न करणाऱ्यांना वर जाऊन जेवता येतं का?

रोपवे असेल तिथे येतं. पायी जाणाऱ्यांचं वेगळं तिकीट मिळतं. उघड्या खुर्चीच्या लिफ्टवर बऱ्याच ठिकाणी सोडत नाहीत. वर भेटायचं ठरवताना फक्त "कॅफेटेरियात भेटू" म्हणू नका, त्याचं नाव सांगा. एकाच डोंगरावर चार असतात.

कार्ड चालतं की रोख लागते?

मोठ्या ठिकाणी कार्ड. ऑस्ट्रिया-जर्मनीकडच्या डोंगरावरच्या छोट्या खानावळींत अजूनही फक्त रोख असू शकते. फोनने पैसे देणाऱ्यांनी फोन आतल्या खिशात ठेवावा, गारठ्यात बॅटरी गल्ल्यासमोरच मान टाकते.

जेवण लांबलं आणि शेवटची लिफ्ट चुकली तर?

लिफ्ट बहुधा साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान बंद होतात, वरच्या त्याहून आधी. दुसऱ्या दरीतून आला असाल तर परतीच्या लिफ्टची वेळ जेवायला बसण्याआधी बघून ठेवा. चुकली तर डोंगराला वळसा घालून टॅक्सी, आणि ती जेवणापेक्षा कितीतरी महाग. पाय थकले असतील तर मधल्या स्टेशनवरून खाली जाणाऱ्या रोपवेत बसून उतरता येतं का ते काउंटरवर विचारा. बहुतेक ठिकाणी येतं. मीही उतरतो.

ट्रे उचलून ठेवायचा का?

हो.